रेसिडेन्सीची जागा भलत्याच गावी लागली आणि घर कोकणात: जोडप्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेसिडेन्सीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतर रुग्णालयात काम करत करायच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, जागांची अलॉटमेंटची यादी लागली की आमच्याकडे फोन सुरू होतात. रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, मालवण अशा गावांतली जोडपी असतात. कुठे दोघंही डॉक्टर, कुठे एकच. कोल्हापूर नाहीतर मिरज धरून चालले होते आणि निघालं नागपूर, अंबेजोगाई किंवा थेट परराज्य. काहींचं उलट होतं: पुण्यात घर, पुण्यात नोकरी आणि जागा लागली चिपळूणजवळच्या सावर्ड्याला. मी देवगडची. बालरोगशास्त्राची रेसिडेन्सी नागपूरला केली, तेव्हा नवरा इथे आंब्याच्या बागेत होता. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहिती पुस्तिका शेजारी ठेवूनच हे वाचा.

यादी आत्ताच लागली. सगळ्यात आधी काय करायचं?

अलॉटमेंट पत्र काढून घ्या आणि दोन गोष्टी बघा: रुजू होण्याची शेवटची तारीख आणि ही कितवी फेरी आहे. अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीत रुजू न होता बाहेर पडता येतं, अनामत रक्कमही जात नाही. दुसऱ्या फेरीपासून ही मोकळीक संपते. शेवटच्या फेऱ्यांत तर घेतलेली जागा सोडणं म्हणजे वर्ष आणि पैसे दोन्ही पणाला लावणं. त्यामुळे घरातल्या चर्चेत पहिलं वाक्य "जायचं की नाही" असं नसावं. "आपण कुठल्या फेरीत आहोत आणि इथून कुठले दरवाजे उघडे आहेत" हे आधी कागदावर लिहा.

रुजू होताना पुढच्या फेरीसाठी अपग्रेडची, म्हणजे यादीतली वरच्या पसंतीची जागा घेण्याची, इच्छा विचारतात. इथे बरीच जोडपी घाईत खूण करतात. अपग्रेड मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून यादीत वरच्या क्रमांकावर असं एकही कॉलेज ठेवू नका, जिथे जाण्यापेक्षा हातातली जागा बरी असं तुमच्यापैकी एकालाही वाटतं.

नवरा-बायको म्हणून एकाच शहरात जागा मागता येत नाही का?

नाही. नीट पीजी या प्रवेशपरीक्षेनंतरच्या प्रवेशात गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि तुम्ही भरलेले पर्याय एवढंच बघितलं जातं. लग्नाचा दाखला कुठेही लागत नाही. अर्ज करून, कोणाला तरी भेटून काही होईल या आशेवर आठवडे घालवू नका.

दोघंही एकाच वर्षी प्रवेश घेत असतील तर पर्याय भरण्याआधी एक काम मात्र करता येतं. दोघांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा आणि कॉलेजचा विचार सोडून शहराचा विचार करा. मुंबईत जेजे, केईएम, सायन, नायर, कूपर आहेत आणि डीएनबीची, म्हणजे कॉलेजाबाहेर पदव्युत्तर शिक्षण देणारी, रुग्णालयंही आहेत. नागपुरात मेडिकल आणि मेयो अशी दोन शासकीय कॉलेजं आहेत. अशा शहरात दोन वेगळ्या क्रमांकांची माणसं बसण्याची शक्यता जास्त. एकच कॉलेज असलेल्या गावात दोघांनाही हवी ती ब्रँच, म्हणजे विषय, मिळणं फार अवघड. ज्याचा क्रमांक मागे आहे त्याच्या शक्यता आधी तपासा, कारण जोडीचं शहर शेवटी तोच क्रमांक ठरवतो. हे बोलताना मागच्या क्रमांकाच्या माणसाला अपराधी वाटतं. ते वाटू न देणं ही दुसऱ्याची जबाबदारी आहे.

रुजू झाल्यावर बदली करून घेता येते का?

नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात स्थलांतर करता येत नाही. आजारपण, लग्न, मूल, आई-वडिलांचं वय, कुठल्याही कारणाने नाही. जागा सोडायची तर त्या त्या राज्याचे दंडाचे नियम लागतात आणि ते भरेपर्यंत मूळ कागदपत्रं अडकतात.

हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण मला वाटतं की हे लवकर कळणं चांगलं. बदलीची आशा जिवंत असेपर्यंत कोणी भांडी घेत नाही, गॅसची जोडणी घेत नाही, ओळखी करत नाही. पहिले सहा महिने असेच अधांतरी जातात. बदली होणार नाही हे पटलं की त्याच दिवशी संसार नव्याने मांडायला सुरुवात होते.

चांगली ब्रँच लांब की साधी ब्रँच जवळ?

माझं मत स्पष्ट आहे: ब्रँच घ्या. रेसिडेन्सी तीन वर्षांची आहे, ती ब्रँच तुम्ही पुढची तीस वर्षं करणार आहात. नावडत्या ब्रँचमधला डॉक्टर रोज घरी येऊनही घरात नसतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

पण याला दोन अपवाद मानते. घरात असं आजारपण असेल ज्यात जोडीदाराला एकट्याने सांभाळणं शक्य नाही, तर जवळची जागा घ्या आणि त्याबद्दल पुन्हा हळहळू नका. आणि ब्रँचची ओढ खरी आहे की फक्त क्रमांकाला शोभते म्हणून आहे, हे स्वतःला विचारा. "एवढा रँक आणि ॲनेस्थेशिया?" असं म्हणणारे नातेवाईक रात्री दोनला तुमच्या जागी उभे राहणार नाहीत.

कोकणात परत यायचं ठरलेलं असेल तर आणखी एक विचार करा. तालुक्याच्या गावी ॲनेस्थेशियाचा, बालरोगाचा, स्त्रीरोगाचा डॉक्टर मिळत नाही म्हणून रुग्ण कोल्हापूरला किंवा गोव्याला बांबोळीला न्यावा लागतो. एक सर्जन आणि एक ॲनेस्थेटिस्ट असं जोडपं कुडाळ-कणकवलीसारख्या गावी छोटं रुग्णालय स्वतःच्या बळावर उभं करू शकतं. दोघांच्या ब्रँच एकमेकांना पूरक होतात का, हा प्रश्न शहराच्या अंतरापेक्षा मोठा आहे.

मी डॉक्टर नाही. पहिलं वर्ष नेमकं कसं असतं? ती फोनसुद्धा उचलत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक नवऱ्यांकडून येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर म्हणजे जेआर वन. वॉर्ड त्याच्या अंगावर असतो. पहाटे उठून सगळ्या रुग्णांचं रक्त घ्यायचं, रिपोर्ट गोळा करायचे, राऊंडला प्रत्येक रुग्णाची माहिती तोंडपाठ सांगायची, मग ओपीडी, नाहीतर ओटी (शस्त्रक्रिया), संध्याकाळी पुन्हा राऊंड. युनिटचा इमर्जन्सी डे असतो त्या दिवशी रात्रभर दाखल होणारे रुग्ण बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुटी होत नाही, नेहमीचं काम सुरू होतं. केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको असं लिहून दिलं होतं. वॉर्डात ते पाळलं जात नाही, म्हणून मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, मागण्यांमध्ये कामाचे तास पुन्हा पुन्हा येतात.

यात घरच्या माणसाला कळायला हवं ते हे की जोडप्याला तोडते ती झोपेची कमतरता. किलोमीटर नव्हेत. इमर्जन्सीनंतरच्या संध्याकाळी जे बोललं जातं ते त्या माणसाचं बोलणं नसतं. त्या वेळी "आपलं पुढे काय होणार" हा विषय काढू नका, पैशाचा काढू नका, आईने काय म्हटलं ते सांगू नका. याच माणसाशी दोन दिवसांनी पोटभर झोप झाल्यावर तोच विषय शांतपणे होतो.

मग करायचं काय? महिन्याचा ड्युटीचा तक्ता लागला की त्याचा फोटो मागवा आणि घरातल्या कालनिर्णयावर उतरवून घ्या: इमर्जन्सीचा दिवस, त्यानंतरचा दिवस, ओटीचा दिवस, त्यातल्या त्यात हलका दिवस. फोनची वेळ त्यावरून ठरवा. इमर्जन्सीच्या दिवशी फोन करायचाच नाही, फक्त रात्री एक आवाजी निरोप पाठवायचा, ज्याला उत्तराची अपेक्षा नाही. बागेत आज काय झालं, वाडीत कोणाकडे बारसं होतं, मांजर कुठे व्याली. मी असे निरोप पहाटे रक्त घ्यायला निघताना ऐकायची. हलक्या दिवशी मात्र नीट, वेळ काढून बोलायचं आणि त्या बोलण्याला कोणाचंही तिसरं काम आड येऊ द्यायचं नाही.

तिकडच्या माणसासाठीही एक नियम आहे. "वेळच नाही" हे खरं असलं तरी रोज दोन शब्द लिहायला वेळ असतो. "जेवले", "जिवंत आहे", "राऊंडला शिव्या", काहीही. इथे वाट बघणाऱ्याला तेवढं पुरतं. आणि इथल्या माणसाचा दिवसही विचारा. बागेत तुडतुडा पडला, बँकेत ऑडिट लागलं, शाळेत परीक्षा आहेत, हेही दिवसच असतात. तीन वर्षं फक्त एकाच्याच थकव्याबद्दल बोलणं झालं तर दुसरा हळूहळू बोलायचं सोडून देतो.

सुट्टी किती मिळते?

आयोगाच्या २०२३ च्या नियमांत वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा, ५ दिवस शैक्षणिक रजा आणि कामाच्या निकडीप्रमाणे आठवड्याची एक सुट्टी आहे. हक्क आहे म्हणून मागा, पण युनिटमधल्या सहकाऱ्यांशी आधी अदलाबदल ठरवून मग मागा. पहिल्या वर्षी रजा एचओडी (विभागप्रमुख) देतात त्यापेक्षा सोबतचा जेआर देतो असं म्हटलं तरी चालेल. त्याच्या घरच्या सणाला तुम्ही ड्युटी केली असेल तर तुमच्या गणपतीला तो उभा राहतो. दिवाळी आणि ईदला ड्युटी घेऊन गणपती मोकळे करून घेणारी कोकणातली मुलं प्रत्येक कॉलेजात भेटतात.

गणपतीला सून घरी नाही, सासरी कसं समजवायचं?

कोकणात हा प्रश्न छोटा नाही. मुंबईचे चाकरमानी बाकी काही चुकवतील, गणपती चुकवत नाहीत. अशा घरात सून पहिल्याच वर्षी आली नाही की शेजारपाजारचे विचारतात, "सून खंय? दिसणा नाय ती." सासूबाईंना उत्तर देता देता नको होतं.

आधी वैद्यकीय कारण समजून घ्या, ते घरच्यांनाही सांगता येतं. भाद्रपद म्हणजे पावसाचा शेवटचा टप्पा. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे रुग्ण याच दिवसांत वॉर्ड भरून टाकतात. मेडिसिन आणि बालरोगात खाटा कमी पडतात, जमिनीवर गाद्या घालाव्या लागतात. सून फिरायला गेलेली नाही, हे सासऱ्यांनी वाडीत एकदा ठणकावून सांगितलं की प्रश्न थांबतात. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांनी आरतीला जमलेल्या मंडळींसमोर ते सांगितलं होतं. पुरुषांनी, त्यातही घरातल्या वडीलधाऱ्याने सांगण्याचा उपयोग होतो, सुनेने फोनवरून खुलासे देण्याचा होत नाही. ही जबाबदारी मुलाने वडिलांपर्यंत पोचवायची असते.

नव्या सुनेच्या ओवशाची, म्हणजे गौरीपुढे सुपं वाहण्याच्या विधीची, काळजी सगळ्यांना असते. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत गौरी पूर्वा नक्षत्रावर येतात त्याच वर्षी नव्या नवरीचा पहिला ओवसा होतो, आणि तसं वर्ष येईपर्यंत थांबण्याची रीत आहे. म्हणजे थांबणं आपल्या परंपरेला नवीन नाही. पंचांग काढून पुढचं पूर्वाचं वर्ष कोणतं ते बघा आणि त्या वर्षीच्या रजेसाठी वर्षभर आधी अदलाबदल ठरवा.

शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा तोच प्रश्न येतो. उत्तरही तेच.

प्रवासाचं गणित कसं बसवायचं?

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि मुंबई जवळ आली. रेसिडेन्सी मुंबईत असेल तर स्वतःला नशीबवान समजा. कोकणकन्या किंवा तुतारीने रात्री निघून सकाळी गाव गाठता येतं, परतीला संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशीच्या राऊंडला पोचता येतं. पण आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं तर पाहता पाहता संपतं. ड्युटीचा तक्ता महिन्याचा लागतो, तिकीट दोन महिने आधी काढावं लागतं. यावर उपाय एकच: तिकीट इथल्या माणसाने काढायचं, आणि प्रवासही शक्यतो इथल्या माणसानेच करायचा. बागायतदार, शिक्षक, दुकानदार यांना दोन दिवस पुढे-मागे करता येतात. जेआर वनला येत नाहीत.

कोल्हापूर-मिरजेला घाट आहे. रत्नागिरीकरांना आंबा, कणकवलीकरांना फोंडा किंवा करूळ, सावंतवाडीकरांना आंबोली. उन्हाळ्यात हे अंतर काही तासांचं आहे. पावसाळ्यात दरड कोसळली की वाट बंद, आणि वाट बंद होणार ती नेमकी तुमच्या सुट्टीच्या दिवशी. तिकडे रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतं. गाड्या सावकाश धावतात, वंदे भारतच्या फेऱ्याही कमी होतात. रात्रभर जागलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवत घाट उतरू नये. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, हे करूच नका. एसटीत झोपून या.

नागपूर, अंबेजोगाई, नांदेड अशा ठिकाणांचं गणित वेगळं आहे. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी आठवड्यातून दोनदा चालते आणि जवळजवळ एक अख्खा दिवस घेते. विशेष गाडी असल्याने तिची मुदत वाढवली आहे ना, हे आधी बघावं लागतं. अशा अंतराला दोन दिवसांची सुट्टी पुरत नाही. त्यापेक्षा रजा साठवून वर्षातून मोजक्या पण लांब भेटी घ्या. आम्ही मधल्या गावी भेटायचो, कधी पुण्यात बहिणीकडे, कधी नाशिकला. दोघांनी अर्धा अर्धा प्रवास केला की भेटीनंतर कोणाला एकट्याने उपकार केल्यासारखं वाटत नाही.

मी नोकरी सोडून सोबत जाऊ का?

पहिल्या तीन महिन्यांत नको. तुम्ही अनोळखी गावात खोली घेऊन दिवसभर एकटे बसाल आणि ती रात्री येऊन झोपेल. तीन महिन्यांनी तिचा जम बसतो, तुम्हाला तिथल्या गावाची माहिती होते, मग ठरवा.

वसतिगृहाबद्दल गैरसमज आहे. राहण्याची सोय देणं कॉलेजला बंधनकारक आहे, तिथेच राहणं विद्यार्थ्याला बंधनकारक नाही. दोघांनी बाहेर खोली घेतली तरी चालते, फक्त ती रुग्णालयापासून चालत जाण्याइतकी जवळ असावी. रात्री कॉल आला की रिक्षा शोधायला वेळ नसतो.

ज्यांची बाग आहे, होडी आहे, दुकान आहे त्यांचा प्रश्न वेगळा. बाग बदली करून नेता येत नाही. मोहोरापासून तोडणीपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबर ते मे, बागायतदार हलू शकत नाही. जून ते नोव्हेंबर मात्र त्याच्या हातात असतात आणि तेच महिने तिच्या वॉर्डात सर्वांत जड असतात. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात नवरा नागपूरला यायचा. खोलीवर भात, आमटी, सुकी सुंगटं (कोळंबी), आणि मला आयतं ताट. शेजारच्या खोलीतल्या मुलीही जेवायला यायच्या. बाईने डॉक्टर व्हावं आणि पुरुषाने डबा करावा यात गावातल्या काहींना खटकण्यासारखं वाटलं असेल, आम्हाला दोघांना ते दिवस आवडायचे.

पैशाचं काय?

स्टायपेंड मिळतो, काही ठिकाणी तो उशिरा येतो. पहिले दोन-तीन महिने तो धरून चालू नका. दोन घरांचा खर्च कोण कशातून करणार हे आधीच ठरवा आणि लिहून ठेवा. स्टायपेंड जमा होऊ लागला की सासर-माहेर दोन्हीकडून अपेक्षा सुरू होतात, त्याला पहिल्या वर्षापुरतं नम्रपणे नाही म्हणा.

मूल कधी?

हा निर्णय तुमचा आहे, त्यात नियम तेवढे सांगते. प्रसूती रजा शासकीय नियमांप्रमाणे मिळते, पितृत्व रजाही आहे. मान्य रजेपेक्षा जास्त दिवस झाले तर तेवढा कालावधी पुढे वाढतो, आणि परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. त्यामुळे सोबतच्या बॅचबरोबर परीक्षा होईलच असं नाही. सहा महिने मागे पडणं म्हणजे नापास होणं नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा.

युनिटमधून टोमणे ऐकावे लागतात, हे खरं आहे. ते ऐकून घ्यावे लागतात म्हणून ते योग्य ठरत नाहीत. दुसऱ्या वर्षी वॉर्डचा भार जरा कमी होतो, थिसिसचं काम बसून करता येतं, म्हणून बऱ्याच जणी तो काळ निवडतात. पण वय, तब्येत, आधीचा गर्भपात असं काही असेल तर रेसिडेन्सीच्या सोयीसाठी थांबू नका. एक स्त्री म्हणून आणि मुलांची डॉक्टर म्हणूनही हे सांगते.

आमचं उलट आहे. राहतो पुण्यात आणि जागा कोकणात लागली. इथे शिकायला काय मिळणार?

विंचूदंशाने माणसं मरायची तेव्हा त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं, हे काम महाडला झालं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते इथल्या रुग्णांवर उपचार करता करता केलं, ते 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्यांच्यासोबत महाडलाच रुग्णसेवा करत आल्या. शिकायला काय मिळणार याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. फुरसं चावलेला रुग्ण, भातलावणीनंतरचा लेप्टो, झाडावरून पडून मणका मोडलेला माणूस, हे मोठ्या शहरातल्या मुलांना पुस्तकात वाचायला मिळतं.

पुण्याहून चिपळूण-सावर्ड्याला येताना एक वाट ताम्हिणी-माणगावची आणि दुसरी कराडवरून कुंभार्लीची. दोन्हीकडे घाट आहे, पावसाळ्याचं वर लिहिलंच आहे. चिपळूणला खोली घेणार असाल तर घरमालकाला एकच प्रश्न आधी विचारा: जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं? तळमजला घेऊ नका. इन्व्हर्टर आहे का बघा, पावसात वीज जाते. आणि गावात ओळख करून घ्या. मासळी कुठल्या बाईकडे घ्यायची, लाडू कोणाकडे मिळतात, हे कळलं की पुण्याहून येणारा जोडीदारही शनिवारची वाट बघायला लागतो.

तो फार गप्प झाला आहे. काळजीचं कारण कधी समजायचं?

थकवा झोपेने कमी होतो. सुट्टी मिळूनही झोप येत नाही, जेवण तुटलं आहे, "मी नसलो तरी चालेल" असं काही बोलणं होतं, सामान वाटून टाकणं होतं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा. रजा, तिकीट, लोक काय म्हणतील, सगळं नंतर. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, नातेवाईकालाही सल्ला मिळतो. सीनियरकडून छळ होत असेल तर १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, आणि प्रत्येक कॉलेजात त्यासाठी समिती असते. तक्रार केल्याने करिअर संपेल ही भीती सगळ्यांना असते. जोडीदाराने त्या भीतीच्या बाजूने उभं राहू नये. जागा गेली तरी चालेल, हे वाक्य घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे.

आमचं प्रकरण अमेरिकेचं आहे. तिथल्या मॅचमध्ये काय वेगळं?

मॅच म्हणजे उमेदवार आणि रुग्णालयं यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून रेसिडेन्सीच्या जागा देण्याची पद्धत. तिथे जोडप्याला आपल्या याद्या एकमेकांना जोडता येतात. दोघांनी पसंतीच्या जोड्या क्रमाने लिहायच्या, एकाला जागा आणि दुसऱ्याला काहीच नाही अशी जोडीही शेवटी लिहिता येते. ती लिहायची की नाही हे रत्नागिरीत बसलेल्या आई-वडिलांना विचारून ठरवू नका, दोघांनीच ठरवा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी जागा लागली की नाही एवढंच कळतं, कुठे लागली ते शुक्रवारी. निकाल बंधनकारक असतो, रीतसर सूट (वेव्हर) न घेता सोडता येत नाही. काम बहुधा जुलैच्या सुरुवातीला सुरू होतं, म्हणजे व्हिसाला तीन-साडेतीन महिने.

एकच डॉक्टर असेल तर व्हिसाचा प्रकार जोडीदाराचं आयुष्य ठरवतो. जे-१ (शिक्षणासाठीच्या) व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला जे-२ वर कामाची परवानगी मागता येते, पण ती यायला वेळ लागतो आणि डॉक्टरला शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट राहते, किंवा त्यातून सूट मिळवावी लागते. एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर ही अट नाही, पण त्यासाठी स्टेप थ्री, म्हणजे तिथल्या वैद्यकीय परवाना परीक्षेचा तिसरा टप्पा, आधी पास हवी, आणि एच-४ वरच्या जोडीदाराला सहसा काम करता येत नाही. तिथला रेसिडेन्सी प्रोग्राम कुठला व्हिसा देतो हे मुलाखतीच्या वेळीच विचारा. तिथल्या रात्री म्हणजे इथला दिवस, त्यामुळे ड्युटीच्या तक्त्याचं वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू पडतं.

मधल्या काळात घराजवळ येण्याची एखादी संधी?

आहे. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम, म्हणजे डीआरपी. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजात असाल तर आपल्या जिल्ह्याची पसंती विभागाकडे आणि डीआरपीच्या समन्वयकाकडे लवकर, लेखी कळवा. मिळेलच असं नाही, पण न मागणाऱ्याला तर मिळतच नाही. माझ्या वेळी हे नव्हतं.

तीन वर्षांनंतर लगेच एकत्र येता येईल का?

शासकीय कॉलेजातून शिकलात तर महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे सरकारी रुग्णालयात सक्तीची नोकरी, असते. बरेच जण हे वर्ष विसरून हिशेब करतात आणि मग पुन्हा हादरतात. प्रवेशाच्या दिवशीच तीन नव्हे, चार वर्षं धरा. परराज्यात शिकलात तर तिथल्या बंधपत्राची मुदत वेगळी असेल, ती रुजू होण्याआधी वाचा.

चांगली गोष्ट अशी की इथे कोकण तुमच्या बाजूने आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तज्ज्ञांच्या जागा रिकाम्या राहतात, मोठ्या शहरातली मुलं त्या टाळतात. पर्याय मागवले जातील तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ओरोसची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, कणकवली आणि सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालयं यांत तुमच्या ब्रँचची जागा आहे का ते आधी चौकशी करून ठेवा. शेवटच्या परीक्षेच्या गडबडीत हे राहून जातं, तेव्हा ही चौकशी इथल्या माणसाने करावी. ओरोस रेल्वे स्टेशनपासून जवळ आहे, जाऊन समक्ष विचारा.